चालू की बंद, एवढंच सांगा मॅडम

"मॅडम, चालू करायचं का बंद, एवढंच सांगा," बालाजी म्हणाला.

तो पॅनेलसमोर उभा होता. पॅनेल म्हणजे मशीनचं विजेचं कपाट. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर क्रेमर साहेबांचा चेहरा गोठला होता, तोंड अर्धवट उघडं. जर्मनीशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटला होता. तुटता तुटता साहेबांनी जे वाक्य सांगितलं, त्याचा पहिला भाग मी स्वच्छ ऐकला होता. दुसरा अर्धाच.

माझ्या मागे साळुंखे सरांचा फोन वाजत होता. सर मेंटेनन्सचे हेड. ते फोन उचलतही नव्हते आणि कापतही नव्हते.

मी चाकणच्या एका कारखान्यात जर्मन दुभाषी आहे. आमच्याकडे मोटारींचे पत्र्याचे भाग बनतात. त्यासाठी जर्मनीहून एक नवीन प्रेस मशीन आलं होतं. याची कल्पना अशी करा: खाली लोखंडी साचा, त्याला डाय म्हणतात. वर एक अवाढव्य लोखंडी ठोकळा, तो रॅम. पत्रा डायवर ठेवायचा, रॅम खाली येतो, पत्र्याला दरवाज्याचा नाहीतर बॉनेटचा आकार येतो. रॅमचं वजन भरलेल्या ट्रकएवढं असतं. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी सकाळच्या शिफ्टला रॅम खाली येता येता मध्येच थांबला. मशीनच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली. डायमध्ये एक पत्रा तिरपा अडकला होता, आणि तो काढल्याशिवाय काहीच पुढे सरकणार नव्हतं. काढायचा म्हणजे हात घालून. हात कुणाचा, तर मारुतीकाकांचा. काका आमचे सगळ्यात जुने फिटर, चाकणजवळच्याच गावचे. त्यांच्या वडिलांच्या शेतात आज दुसरी कंपनी उभी आहे.

एरवी रॅमखाली हात घालण्याआधी मध्ये एक जाडजूड लोखंडी खांब उभा करतात. त्याला सेफ्टी ब्लॉक म्हणतात. रॅम चुकून खाली आलाच तर त्या खांबावर अडतो. पण तो खांब रॅम पूर्ण वर असतानाच बसतो. आता रॅम मध्येच लटकलेला. खांब आत जाईना.

मशीन वॉरंटीत होतं, त्यामुळे जर्मन लोकांना विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही असा नियम होता. मशीन बसवून गेलेले इंजिनियर म्हणजे हे क्रेमर साहेब. त्यांना इंग्रजी येतं, पण घाईत आणि टेन्शनमध्ये ते जर्मनवर घसरतात. म्हणून मी.

कॉल तुटण्याआधी ते म्हणाले होते, आत हात घालण्यापूर्वी ड्राइव्ह "फ्रायशाल्टन" करा आणि "गेगन वीडर…" एवढ्यात आवाज खरखरला आणि गेला.

ड्राइव्ह म्हणजे रॅमच्या मोटरला वीज देणारी, तिला ताब्यात ठेवणारी यंत्रणा. फ्रायशाल्टन हा शब्द मला येत होता. नवीन सिमकार्ड घेतलं की कंपनी ते फ्रायशाल्टन करते. बँक तुमचं खातं फ्रायशाल्टन करते. म्हणजे चालू करणं, वापरासाठी खुलं करणं. हा अर्थ माझ्या जिभेवर आला होता. तरी मी तो बोलले नाही.

"काय म्हणायलाय त्यो?" बालाजीने पुन्हा विचारलं. बालाजी लातूरकडचा. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून लागला, हुशार, हात चपळ. "फ्राय काय तरी म्हणला. एनेबल का? हे काय, हितं बटनच हाय. ड्राइव्ह एनेबल."

खरंच होतं बटण. हिरवं.

साळुंखे सरांनी त्यांचा फोन पुढे केला. "स्पेलिंग टाक."

मी टाकलं. अ‍ॅपने क्षणात उत्तर दिलं: सक्रिय करा.

"झालं," सर म्हणाले. "अ‍ॅप तेच म्हणतंय, बालाजी तेच म्हणतोय. मग अडलंय कुठे?"

"सर, वाक्य अर्धं आहे."

"मानसी, तिकडे कस्टमरची लाइन थांबायची वेळ आलीय. त्यांच्याकडे आपले दरवाजे संपत आलेत. अर्धं तर अर्धं. तुला कळलं का नाही?"

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी तेव्हा कंत्राटावर होते. त्याच आठवड्यात कायम दुभाष्याच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होते. त्याच जागेसाठी एक मेकॅनिकल इंजिनियरही होता, त्याला कामापुरतं जर्मन येत होतं. साळुंखे सरांचं मत सगळ्यांना माहीत होतं. ते मीटिंगमध्ये उघड म्हणायचे, "भाषा काय, शिकता येते. मशीन समजणारा माणूस घ्या, जर्मन आपण शिकवू." त्यात दुष्टपणा नव्हता. माझे वडीलही असंच म्हणायचे. ते भोसरीत लेथवर काम करायचे. आम्ही मूळचे परभणीकडचे; त्यांनी दिघीत एका खोलीत संसार सुरू केला. मी बारावीनंतर डिप्लोमा करावा अशी त्यांची फार इच्छा होती. "बीए करून माणूस काय बनवतो?" असं ते विचारायचे. बनवतो, म्हणजे हाताने. बीएला आम्ही जर्मनमधून कथा वाचल्या, कविता वाचल्या, जुनी पत्रं वाचली, युद्धानंतरचा इतिहास वाचला. स्क्रूला जर्मनमध्ये काय म्हणतात हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

तेव्हा प्रेस शॉपमध्ये, सगळ्यांसमोर, "मला कळलं नाही" असं म्हणणं म्हणजे काय होतं, ते तुमच्या लक्षात येईल.

खरं सांगायचं तर पहिली भीती नोकरीची वाटली. काकांच्या हाताची नंतर.

"नाही कळलं सर," मी म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. सरांनी तो न उचलता नुसतं माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

माझं अडलं होतं ते "गेगन वीडर" पाशी. गेगन म्हणजे विरुद्ध. वीडर म्हणजे पुन्हा. अमुक करा, आणि पुन्हा तमुक होऊ नये याचा बंदोबस्त करा, असं काहीतरी ते वाक्य होतं. पुन्हा काय होऊ नये? ड्राइव्ह चालू करायचा असेल, तर तो पुन्हा बंद पडू नये म्हणून? असूही शकतं. आणि बंद करायचा असेल तर पुन्हा चालू होऊ नये म्हणून? तेही असू शकतं. पण मग फ्रायशाल्टनचा अर्थ मला माहीत होता त्याच्या बरोबर उलटा होत होता.

एखाद्या शब्दाचा अर्थ उलटा कसा होईल? मी तो शब्द फोडून पाहिला. कॉलेजात ही सवयच लागली होती. फ्राय म्हणजे मोकळं, मुक्त. शाल्टन म्हणजे स्विच फिरवणं. मग आठवलं, शाळेला सुट्टी असली की जर्मन मुलं "शूलफ्राय" म्हणतात. शाळामुक्त. म्हणजे शाळा नाहीच. आपल्याकडेही असंच आहे. जनावर मुक्त केलं म्हणजे मोकळं सोडलं, ते आता हिंडणार. पण धूरमुक्त स्वयंपाकघर म्हणजे धूर मोकाट सुटलेलं घर नव्हे. तिथे धूरच नसतो.

मग ड्राइव्ह मोकळा सोडायचा, की विजेपासून मोकळा करायचा?

मी हे सरांना सांगितलं. जमेल तेवढं थोडक्यात. माझ्याच कानाला ते वर्गातल्यासारखं वाटलं.

"आत्ता व्याकरण नको," सर म्हणाले. "तू 'चालू' म्हणतेस का 'बंद'?"

"चालू असं मी सांगणार नाही."

"मग बंद सांग."

"तेही सांगणार नाही. मला माहीत नाही, सर."

"मग तू इथे आहेस कशाला?"

मी लॅपटॉपवर पुन्हा कॉल लावला. नुसती घंटी वाजत राहिली.

"सायेब," मारुतीकाका म्हणाले. ते तोवर हातमोजे घालून शांतपणे उभे होते. "हात माझा जायचा हाय आत. पोरीला इचार करू द्या."

"काका, तसं न्हाई," बालाजी म्हणाला. त्यालाही घाम आला होता. "बंद करायला मला काय हाय, खटका ओढला की बंद. जुन्या मशीनला आपण बंदच करतो. पण हे सर्वो हाय." सर्वो म्हणजे अशी मोटर, जी सांगितलेल्या जागी स्वतःला धरून ठेवते. "चालू असली तर मोटर रॅमला धरती. सप्लाय तोडला तर एवढं धूड नुसत्या ब्रेकवर लटकणार. नव्या मशीनचं ब्रेक मी अजून उघडून बघितलं नाही. म्हणून म्हणलं, एनेबल."

आता माझी भीती दुप्पट झाली. तोपर्यंत मला वाटत होतं, काहीच कळत नसेल तर बंद करणं तरी नक्की सुरक्षित. बालाजी सांगत होता की तेही नक्की नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. सर्वो मोटरचं ट्रेनिंग त्याने घेतलं होतं, मी नाही.

मी त्याला चालू-बंद सोडून दुसरंच विचारलं. "बालाजी, आयटीआयमध्ये तुम्हाला काय शिकवलं होतं? विजेच्या मशीनमध्ये हात घालायचा असेल तर आधी काय, मग काय? क्रमाने सांग."

"आता ते कशाला मॅडम?"

"सांग ना."

तो पाढे म्हटल्यासारखं म्हणू लागला. "आधी सप्लाय तोडायचा. मग कुलूप लावायचं, दुसऱ्या कुणी परत चालू करू नये म्हणून. मग टेस्टर लावून…"

"थांब. कुलूप कशासाठी म्हणालास?"

"कुणी परत चालू करू नये म्हणून."

परत. गेगन वीडर.

मी ते वाक्य मनात त्याच्या क्रमावर ठेवून पाहिलं. पहिली पायरी फ्रायशाल्टन. दुसरी पायरी, पुन्हा अमुक होण्याविरुद्ध बंदोबस्त. पहिली पायरी सप्लाय तोडणं. दुसरी, परत चालू होण्याविरुद्ध कुलूप. जगात कुठेही गेलं तरी वीज तीच आणि मरण तेच. मग शिकवण्याचा क्रम वेगळा का असेल?

बालाजीच्याही लक्षात आलं. तो बटणापासून मागे सरकला.

"म्हणजे बंद?" सरांनी विचारलं.

"मला वाटतंय, बंद. पण नुसत्या वाटण्यावर काकांचा हात आत घालू नका."

साळुंखे सरांनी फोन उचलला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. सर म्हणाले, "अजून वेळ लागेल. नाही, किती ते सांगता येणार नाही." फोन खिशात टाकून ते बालाजीला म्हणाले, "मेन बंद कर. कुलूप लाव. जर्मनी लागेपर्यंत कुणी आत हात घालायचा नाही."

ज्याचा हात आत जायचा, किल्ली त्याच्याच खिशात, असा नियम असतो. बालाजीने खटका ओढला, कुलूप लावलं, किल्ली काकांना दिली. सप्लाय तुटताच मशीनमधून फुसकन हवा सुटल्याचा आवाज आला. आम्ही सगळे दचकलो. रॅम जागचा हलला नाही.

तरी काकांनी रॅमच्या कडेला खडूने एक खूण केली. म्हणाले, "सरकलं तर कळंल."

मग नुसतं थांबणं. मी लॅपटॉपवरून, माझ्या फोनवरून, सरांच्या फोनवरून कॉल लावत राहिले. बाजूच्या जुन्या प्रेस धडधडत होत्या, त्यांच्या प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आपला रॅम खाली आला. मी खडूच्या खुणेकडे पाहायची. काका म्हणायचे, "न्हाई, तितंच हाय." आणि मग स्वतःच वाकून पुन्हा बघायचे. मला एकच विचार छळत होता: मी चुकले असेन तर? चालूच करायचं असेल आणि माझ्यामुळे लाइन थांबली असेल तर? इंटरव्ह्यूला जाण्यात तरी काही अर्थ उरला होता का?

शेवटी सरांच्या फोनवर क्रेमर साहेब लागले. ते गाडीत होते, रस्त्याच्या कडेला थांबले होते. पहिलाच प्रश्न त्यांनी केला: "फ्रायशाल्टन केलं का?"

मी म्हणाले, "साहेब, एक मूर्ख प्रश्न विचारते. तुमच्या भाषेत याचा अर्थ वीज चालू की वीज बंद?"

त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग म्हणाले, "बंद. पूर्ण तोडायची आणि कुलूप लावायचं. दुसरं काय असणार?"

मी सिमकार्डाचं उदाहरण दिलं. इलेक्ट्रिशियनच्या धंद्यात त्या शब्दाला तोडणं हा एकच अर्थ आहे, असं ते म्हणाले. घरी फोनसाठी तोच शब्द आपण उलट्या अर्थाने वापरतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मॅडम, विचारा त्यांना," बालाजी म्हणाला. "एनेबल केलं असतं तर मोटरनं रॅम धरला असता ना?"

मी विचारलं. साहेबांनी स्क्रीनवरच्या लाल अक्षरांतला नंबर मागितला. तो बालाजीने आधीच लिहून ठेवला होता. नंबर ऐकून साहेब म्हणाले, रॅम कुठे आहे हे मशीनला सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय. रॅम अजून वरच आहे अशी मशीनची समजूत आहे. एनेबल केलं असतं तर मोटर त्याला ठरलेल्या जागी न्यायला गेली असती.

"ठरलेली जागा म्हणजे कुठे?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मी मराठीत म्हणाले, "खाली."

जुन्या प्रेसच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा ओरडून सांगावं लागलं. बालाजीने दोन्ही हात खिशात घातले आणि तो जमिनीकडे पाहत राहिला. काकांनी नुसतं "बरं" म्हटलं.

बाकीचं काम सरळ झालं. अशा मधल्या उंचीसाठी छोटे टेकू मशीनसोबतच्या पेटीत आले होते, ते कुठे आहेत हे साहेबांनी सांगितलं. तुटलेल्या वाक्याच्या पुढचं वाक्य त्याबद्दलच होतं. टेकू बसले. काकांनी हात आत घातला आणि पत्रा ओढून काढला. सेन्सरची वायर एका कडेला घासून सोललेली निघाली, ती बालाजीने बदलली. शिफ्ट संपायच्या आत मशीन चालू झालं. कस्टमरची लाइन मधल्या वेळात थांबलीच, आणि त्याबद्दल साळुंखे सरांना वर जाऊन बरंच ऐकून घ्यावं लागलं. चाललेलं काम थांबवलं म्हणून कंपनीत कुणी हार घालत नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सर माझ्या टेबलाशी चहा घेऊन आले.

"काल तू 'कळलं नाही' म्हणालीस तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता," ते म्हणाले. "अजून थोडा आहे."

"हो सर."

"पुढच्या वेळी ते म्हणायला इतका वेळ लावू नकोस."

इंटरव्ह्यूत त्यांनीच विचारलं, "तुम्ही आर्ट्सच्या. टेक्निकल कसं जमणार?" मी म्हणाले, "शिकवलंत तर जमेल." नोकरी मिळाली, पण अट घालून: आधी मेंटेनन्सचं ट्रेनिंग घ्यायचं. त्या इंजिनियरलाही घेतलं, दुसऱ्या खात्यात. चांगला मुलगा आहे. अवघड पत्रं माझ्याकडे घेऊन येतो, आणि मी ड्रॉइंग घेऊन त्याच्याकडे जाते.

ट्रेनिंगला मी नुकत्याच भरती झालेल्या अप्रेंटिसांमध्ये बसले. पहिल्या परीक्षेत नापास झाले. सप्लाय तोडला, कुलूप लावलं, टेस्टर लावला, दिवा लागला नाही, म्हणून "बंद" असं सांगितलं. मास्तर म्हणाले, "टेस्टर चालू आहे कशावरून? आधी तो जिवंत लाइनवर लावून बघायचा. बिघडलेला टेस्टर कुठेही लावला तरी 'बंद'च दाखवतो." हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. बीएच्या सगळ्या वर्षांत मला यापेक्षा उपयोगाचं फार थोडं कुणी सांगितलं असेल, आणि बीए केलं नसतं तर मी हे वाक्य नुसतं पाठ करून सोडून दिलं असतं.

थेरगावला माझी मावशी राहते. तिच्या सोसायटीतले लोक दहावी-बारावीचे निकाल लागले की मला विचारतात, मुलाला कुठे घालू, कॉलेजला का डिप्लोमाला? मी पूर्वी लांबलचक उत्तर द्यायची. ते देणं थांबलं मारुतीकाकांमुळे; आता मी त्यांचंच उत्तर सांगते.

गेल्या वर्षी त्यांची धाकटी मुलगी दहावी झाली. काका पेढे घेऊन माझ्याकडे आले.

"पोरगी म्हणती भाषा शिकायची," ते म्हणाले. "घरात समदी न्हाईच म्हणत्यात. तिची आई म्हणती, आयटीआय कर, कंपनी दारातच हाय."

"तुम्ही काय म्हणालात, काका?"

"म्या म्हनलं, शीक की भाषा. पर आदी घरचा फ्यूज बदलाया शीक."

"मग?"

"शिकतिया. मेन बंद न करता हात घालाया निघाली व्हती, म्हनून अजून अ‍ॅडमिशन घेतली न्हाई."